कोणती वाळू परत येते?

थायलंडमध्ये नदीच्या वाळूत राहणाऱ्या एका माशाला दोन नावं आहेत. ‘प्ला सॉन साय’, म्हणजे वाळूत दडणारा मासा. आणि ‘प्ला राक क्लुअय’, म्हणजे केळीच्या मुळासारखा मासा. दुसऱ्या नावाने तो बाजारात विकला जातो आणि कुरकुरीत तळून ताटात येतो. पहिल्या नावात त्याचं जगणं आहे. शास्त्रात त्याच्या वंशाचं नाव अकँटॉप्सिस. ग्रीकमध्ये ‘अकांथा’ म्हणजे काटा आणि ‘ऑप्सिस’ म्हणजे रूप. डोळ्याखाली दडवलेला आणि धोका दिसला की उभा राहणारा बारीक काटा ही या कुळाची खूण आहे. ब्रह्मदेशातल्या इरावती आणि साल्वीनपासून थायलंडच्या चाओ फ्रायापर्यंत, मेकाँगपासून मलाय द्वीपकल्प, सुमात्रा, जावा आणि बोर्निओपर्यंत हा वंश पसरला आहे. आपल्याकडे ओढ्यानाल्यांत ज्यांना मुरी म्हणतात, ते मासे याची भावकी. काही जवळची, काही दूरची. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनमधल्या अशाच एका माशाला शास्त्रीय नाव देताना ‘मूरेह’ हा इथला शब्दच जातिनाम म्हणून घेतला. त्यामुळे मराठी माणसाला हा मासा अगदीच परका वाटायचं कारण नाही.

पुढचा संवाद या माशाबद्दल आहे आणि वाळूबद्दलही. अकँटॉप्सिसच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, असं माझं म्हणणं आहे. त्यातला अभियंता म्हणजे कुणी एक माणूस नाही. बांधकामाच्या बाजूने जे आक्षेप प्रामाणिकपणे घेतले जातात, ते मी त्याच्या तोंडी दिले आहेत, आणि ते हलके होऊ नयेत याची काळजी घेतली आहे. दुसरी बाजू माझी आहे.

अभियंता: सुरुवातीलाच स्पष्ट बोलतो. वाळूशिवाय काँक्रीट नाही, आणि काँक्रीटशिवाय आजचं घर, शाळा, पूल, दवाखाना, काहीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जग वर्षाला सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरतं. ही चैन नव्हे. खेड्यातून शहरात आलेल्या माणसाला डोक्यावर छप्पर हवं असतं, त्याची ही गरज आहे. वाळवंटातली वाळू वाऱ्याने घासून गोल आणि बारीक झालेली असते, ती आमच्या कामाची नाही. आम्हाला नदीचीच लागते. मग कंबोडियात किंवा व्हिएतनाममध्ये मेकाँगमधून वाळू काढली, तर तिथल्या लोकांनी काय पाप केलं? नदी दर पावसाळ्यात नवी वाळू आणून टाकते. निसर्गात आपोआप भरून येणारी जी थोडी खनिजं आहेत, त्यांत ही एक. आणि तुमचा मासा तर पोहणारा प्राणी आहे. एक घाट उकरला तर तो पुढच्या घाटावर जाईल.

मी: ‘पोहणारा प्राणी’ हा शब्द इथेच थांबवून पाहायला हवा, कारण अकँटॉप्सिस पोहण्यासाठी घडलेलाच नाही. त्याचं शरीर लांब, चिंचोळं, दोन्ही बाजूंनी दबलेलं. डोकं पुढे ओढल्यासारखं लांब, म्हणून इंग्रजीत त्याला घोड्याच्या तोंडाचा म्हणतात. डोळे लहान आणि डोक्याच्या वरच्या बाजूला, पाठीच्या रेषेजवळ. तोंड खाली, आणि भोवती मिशांच्या जोड्या. हा माणूस खाली बघून जेवतो आणि वर बघून पहारा करतो. अंगावर फिकट रंग आणि कुशीवर गडद ठिपक्यांची ओळ असते, आणि ओल्या वाळूवर पडलेल्या उजेड-सावलीत हे अंग डोळ्याला सापडत नाही. चाहूल लागली की तो तोंड खुपसतो, एका हिसक्यात वाळूत शिरतो आणि फक्त डोळे बाहेर ठेवतो. खाणंही वाळूतूनच. तोंडभर वाळू घ्यायची, तिच्यातल्या अळ्या आणि बारीक जीव तोंडातच वेगळे करायचे आणि धुतलेली वाळू कल्ल्यांच्या फटीतून बाहेर टाकायची. म्हणजे दडणं, जेवणं आणि वाळूत पडल्यापडल्या श्वास घेणं, ही तिन्ही कामं एकाच पदार्थाच्या भरवशावर चालतात. झाड जसं मातीत असतं तसा हा वाळूत असतो. फरक इतकाच की त्याला आपली जागा थोडी हलवता येते.

आता या तिन्ही कामांना कशी वाळू लागते ते पाहा. खडे असले तर नाकाड शिरत नाही, आणि खडे तोंडात घेऊन चाळता येत नाहीत. चिखल असला तर शिरता येतं, पण दाण्यादाण्यांमधल्या पोकळ्या बुजतात, त्यांतून पाणी खेळत नाही, आणि पुरलेल्या माशाच्या कल्ल्यांवर गाळ बसतो. भूशास्त्रात वाळू म्हणजे ०.०६२५ ते २ मिलिमीटर व्यासाचे कण. त्याहून बारीक तो गाळ, त्याहून मोठी ती खडी. अकँटॉप्सिसचं आयुष्य मोजपट्टीवरच्या या एवढ्याशा जागेत बसवलेलं आहे, आणि त्यातही वाहत्या पाण्याने धुतलेली, मोकळी, हलती वाळू त्याला हवी. म्हणून तो मोठ्या नद्यांच्या वाहत्या पात्रात सापडतो.

अभियंता: छान. मग तशी वाळू पुढच्या वळणावर असेलच की. मेकाँग काही ओढा नाही.

मी: तुम्ही म्हणता, वाळू परत येते. मी विचारतो, कोणती? आणि हा प्रश्न मला तुमच्याच धंद्याने शिकवला आहे. साइटवर वाळूचा ट्रक आला की तुमचा पर्यवेक्षक काय करतो? मूठभर वाळू काचेच्या भांड्यात पाण्यात हलवून ठेवतो आणि वर बसलेल्या गाळाचा थर मोजतो. प्रयोगशाळेत नमुना चाळण्यांच्या उतरंडीवर घातला जातो आणि कोणत्या चाळणीवर किती राहिली यावरून वाळूचा झोन ठरतो. भारतीय मानक ३८३ नैसर्गिक वाळूत ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण ३ टक्क्यांपर्यंतच चालवून घेतं. त्यापुढे गेलं तर तुम्ही ट्रक परत पाठवता, वाळू आलेली असूनही. त्या क्षणी तुम्ही ठेकेदाराला असं म्हणत नाही की ब्रास पूर्ण आहे ना, मग झालं. तुम्ही म्हणता, ही वाळू नाही, ही माती आहे.

मग नदीच्या बाबतीत तोच माणूस फक्त ब्रास का मोजतो? वाळूघाटाचा लिलाव होतो तो आकारमानावर. किती लांब, किती रुंद, किती खोल, म्हणजे किती ब्रास. पावसाळ्यानंतर खड्डा भरला की वाळू परत आली असं लिहिलं जातं. पण पात्रात खोदलेल्या खड्ड्यात पाणी मंदावतं, आणि मंद पाण्यातून बारीक गाळ खाली बसतो. खड्डा भरलेला दिसतो, पण आत काय भरलं हे चाळणी लावल्याशिवाय कळत नाही. उलट खड्ड्याच्या वरच्या बाजूला पात्राचा उतार अचानक वाढतो, पाणी तळ कुरतडत मागे सरकतं, आणि जिथे एकही फावडं लागलं नाही तिथली वाळूसुद्धा वाहून खड्ड्यात येते. आणि खड्ड्याच्या खालच्या बाजूचं पाणी आपला भार खड्ड्यात टाकून मोकळं झालेलं असतं, म्हणून ते तिथला काठ आणि तळ खातं. कॅलिफोर्नियाचे नदीतज्ज्ञ मॅथियस कोंडॉल्फ यांनी १९९७ मध्ये या पाण्याला भुकेलं पाणी म्हटलं, आणि हा शब्द आता शास्त्रात रुळला आहे. म्हणजे एका घाटावरचा खड्डा हा एका घाटापुरता राहतच नाही. मासा पुढच्या वळणावर जाईल हे तुमचं म्हणणं खरं मानलं, तरी ते पुढचं वळणही त्याच खड्ड्याच्या हिशेबात जमा झालेलं असतं.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट अशी की काँक्रीटला आणि अकँटॉप्सिसला एकच वाळू आवडते. मध्यम दाण्याची, प्रवाहाने धुतलेली, गाळ नसलेली. चिखलाचा किनारा तुम्ही सोडून देता, खडकाळ भाग सोडून देता. निवडून घेता ती नेमकी याच्या घरची. त्यामुळे ‘नदीचा एवढासाच भाग उपसला’ हे क्षेत्रफळाच्या हिशेबात बरोबर असलं, तरी या वंशाच्या हिशेबात चुकीचं ठरतं. नदी रुंद असते, पण तिच्यात या माशाची नदी बरीच अरुंद असते.

अभियंता: चाळणीचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य करतो. आमच्या मानकांचा असा उपयोग कुणी केलेला मी ऐकला नव्हता. पण तुम्ही तत्त्व सांगताय. प्रमाण किती? समुद्रातून घागरभर पाणी काढलं तर समुद्र आटतो असं सिद्ध करायला तत्त्वं पुरतात, पण घडतं का तसं?

मी: मेकाँगमध्ये याचा हिशेब झाला आहे, आणि तो ब्रासमध्ये मांडून बघू. क्रिस्तोफर हॅकनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबोडियातल्या मेकाँगवर चालणाऱ्या वाळूच्या नौका उपग्रहाच्या छायाचित्रांत मोजल्या आणि त्यावरून उपशाचा अंदाज काढला. २०१६ मध्ये सुमारे २ कोटी ४० लाख टन. २०२० मध्ये सुमारे ५ कोटी ९० लाख टन. आणि नदी स्वतः वरून जी वाळू आणते ती वर्षाला सुमारे ६२ लाख टन, त्यात २० लाख इकडे-तिकडे. आता एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुटी वाळू साधारण साडेचार टन. नदी वर्षाला १४ लाख ब्रासच्या आसपास देते आणि माणूस सव्वा कोटी ब्रासच्या पुढे काढतो. घागरीची उपमा इथे उलटी लावायला हवी: नदी घागर भरते आणि आपण तिच्यातून हौद काढतो. उरलेली आठ-नऊ पट वाळू कुठून येते? ती शतकांची साठवण आहे, आणि ती तळातून आणि काठातून निघते. व्हिएतनाममधल्या त्रिभुज प्रदेशाच्या मुख्य प्रवाहांचा तळ १९९८ ते २००८ या दहा वर्षांत सरासरी १.३ मीटरने खोल गेला आणि सुमारे २० कोटी घनमीटर गाळ-वाळू कमी झाली, हे त्या दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवून मांडलेलं आहे. तळ खाली गेला की काठ उभे राहतात आणि कोसळतात. काठावर घरं असतात. म्हणजे एका माणसाचं छप्पर उभं करायला दुसऱ्याच्या घराखालची जमीन गेली. त्या घरांची मोजणी बांधकामाच्या खर्चात कधी धरली जात नाही.

अभियंता: इथे मी तुम्हाला अडवतो. नदीची वाळू आम्ही संपवली की धरणांनी? चीनने वरच्या मेकाँगवर धरणांची माळ उभी केली, लाओसने सायाबुरी बांधलं. वाळू तर तिथेच अडते. आणि दोष मात्र टोपलीवाल्याला.

मी: धरणांचा वाटा मोठा आहे, आणि तो लपवून माझी बाजू मजबूत होणार नाही. मेकाँग नदी आयोगाच्या अभ्यासात असं निघालं की आखलेली सगळी धरणं २०४० पर्यंत पूर्ण झाली तर त्रिभुज प्रदेशात पोहोचणारा गाळ पूर्वीच्या मानाने ९७ टक्क्यांपर्यंत घटेल. पण या आकड्याने तुमचा युक्तिवाद पडतो, उभा राहत नाही. ‘वाळू परत येते’ हा तुमचा पहिल्यापासूनचा दावा होता. वरून येणं धरणाने थांबवलं असेल, तर परत येण्याच्या भरवशावर खाली काढायची परवानगी कशी द्यायची? पगार बंद झालेल्या घरात खर्च पूर्वीइतकाच ठेवायचा आणि दोष पगार बंद करणाऱ्याला द्यायचा, असं ते होतं. दोष त्याचा असेलही, पण घर तुमच्याच खर्चाने रिकामं होतं. शिवाय धरण दाण्यांत भेद करतं. जड वाळू जलाशयाच्या तोंडाशीच बसते, आणि जे थोडं पुढे जातं ते पाण्यात तरंगणारं बारीक असतं. म्हणजे जो दाणा अकँटॉप्सिसला हवा तोच आधी अडतो. धरण आणि ड्रेजर यांची निवड एकसारखी आहे.

अभियंता: बरं. पण मग मासा खरंच अडचणीत आहे का? मी शोधलं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत अकँटॉप्सिस डायालुझोना ‘कमी चिंतेची’ आहे. पसारा मोठा, नग भरपूर, बाजारात रोज विकला जाणारा. ज्याची चिंता त्याच्याच तज्ज्ञांना नाही, त्याच्यासाठी मी घरं थांबवू?

मी: हा तुमचा सर्वांत मजबूत आक्षेप आहे, म्हणून त्याला सर्वांत जास्त वेळ देतो. त्यासाठी दोनशे वर्षं मागे, जावामध्ये जावं लागेल. १८२० च्या डिसेंबरात हाइनरिख कूल आणि योहान कूनराड व्हान हासेल्ट हे दोन तरुण निसर्गशास्त्रज्ञ डच सरकारच्या वतीने जावात उतरले. दोघेही २३ वर्षांचे, आणि जिवलग मित्र. कूल नऊ महिन्यांत गेला, चोविसावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना. मत्स्यटाकीतल्या सापासारख्या पट्टेरी ‘कुली’ माशाच्या नावात आज तो उरला आहे. व्हान हासेल्ट एकटा काम करत राहिला, मासे गोळा करत, चित्रं काढून घेत, आणि लायडनच्या संग्रहालयाचे टेमिंक यांना पत्रं लिहीत. त्यातल्या एका पत्राचा उतारा १८२३ मध्ये एका डच नियतकालिकात छापून आला आणि अकँटॉप्सिस हे नाव पहिल्यांदा कागदावर आलं. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात तोही वारला, २६ वर्षांचा. दोघांचीही स्मृती बोगोरच्या वनस्पतीउद्यानातल्या जुन्या दफनभूमीत आहे. एका अख्ख्या वंशाची शास्त्रातली सुरुवात अशी एका पत्रातल्या थोडक्या ओळींवर झाली, आणि ते काम पुढे नेणारा त्याच वर्षी नाहीसा झाला, हे मला महत्त्वाचं वाटतं. कारण पुढचा गोंधळ तिथून सुरू होतो.

१८५४ मध्ये पीटर ब्लीकर यांनी सुमात्राच्या माशाला डुकराच्या नाकाडाचा अशा अर्थाचं दुसरं नाव दिलं. डचांना तिथे डुक्कर दिसलं, इंग्रजांना घोडा. पुढची दीडशेहून अधिक वर्षं ही दोन नावं दक्षिण-पूर्व आशियात जिथे लांब तोंडाचा वाळूतला मासा मिळेल तिथे चिकटवली गेली. इरावतीत, मेकाँगमध्ये, चाओ फ्रायात, मत्स्यटाक्यांच्या दुकानांत. सगळे ठिपकेवाले, सगळे फिकट, सगळे वाळूत दडणारे, म्हणून सगळे एकच. मग २०१७ मध्ये डेव्हिड बॉइड, लॉरेन्स पेज आणि थाई सहकाऱ्यांनी संग्रहालयांतले नग आणि नद्यांतून नव्याने आणलेले नग एकत्र तपासून या वंशाची फेरमांडणी केली. त्यात तीन जाती नव्याने वर्णन झाल्या: डायनेमा, आयोआ आणि रुंगथिपाय. पुढच्याच वर्षी बोर्निओतून ब्रुइनेन ही आणखी एक आली. आणि व्हान हासेल्टची मूळ डायालुझोना जावा, सुमात्रा, बोर्निओ आणि मलाय द्वीपकल्प इतक्यापुरती आवरली गेली. मेकाँगमधला मासा डायालुझोना नव्हताच.

आता तुमच्या यादीकडे परत या. ‘पसारा मोठा’ हे तुमचं वाक्य या फेरमांडणीच्या आधीच्या समजुतीवर उभं आहे. पण तो पसारा एका माशाचा नव्हता. चार-पाच भावांच्या जमिनी एकाच्या सातबाऱ्यावर चढवल्या तर तो बागायतदार दिसणारच. वाटणी झाली की प्रत्येकाकडे किती उरली, ते वेगळं मोजावं लागतं. मी असं म्हणत नाही की मेकाँगमधली प्रत्येक जात आज मरणाच्या दारात आहे. मी इतकंच म्हणतो की ज्या कागदावर बोट ठेवून तुम्ही निश्चिंत झालात, तो दुसऱ्याच माशाचा कागद आहे. आणि ही चूक एकट्या या वंशाची नाही. वाळूत राहणारे, रंगाने फिके, लहान मासे एकमेकांसारखेच दिसतात, कारण वाळू त्यांना सारखंच घडवते. लपण्याचं कौशल्य त्यांना शिकाऱ्यापासून वाचवतं, पण शास्त्रज्ञाच्या नजरेतूनही निसटवतं. ज्यांची मोजदाद सर्वांत कच्ची, त्यांच्याच घरावर उपसा सर्वांत जास्त, असा हा योग आहे.

अभियंता: सातबाऱ्याची उपमा लागली. तरीही मूळ प्रश्न सुटत नाही. माणसाला घर हवं. नदीची वाळू बंद केली तर आम्ही दगड फोडून क्रश सँड करणार. त्यासाठी डोंगर फोडावे लागतात, तिथेही काहीतरी राहतंच. शिवाय पात्रात टोपली, फावडं, होडी घेऊन उतरणाऱ्या मजुराचं काय? त्याला माशाचं शास्त्र सांगून पोट भरत नाही.

मी: तुम्ही घर आणि वाळू यांची सांगड गृहीत धरली आहे, ती तपासू. वाळूचे उपयोग दोन. एक काँक्रीट आणि गिलावा, जिथे दाण्याची प्रत लागते. दुसरा भराव. पाणथळ जागा बुजवून जमीन करायची, तिथे दाण्याला काही अर्थ नसतो, फक्त आकारमान हवं असतं. नॉम पेन्हचं बुंग काक सरोवर सुमारे ९० हेक्टरचं होतं. २००८ पासून त्यात वाळू पंपाने ओतली गेली आणि काही वर्षांत त्याची जमीन झाली. काठावरच्या हजारो कुटुंबांना जागा सोडावी लागली. ते कुणाचं घर होतं? सिंगापूरने समुद्र बुजवून आपलं क्षेत्रफळ स्वातंत्र्यानंतर जवळपास चतुर्थांशाने वाढवलं, आणि त्यासाठी शेजाऱ्यांची वाळू घेतली. इंडोनेशियाने २००७ मध्ये निर्यात थांबवली, कंबोडियाने २०१७ मध्ये. निर्यात थांबली तरी आतला भराव चालूच राहिला, आणि कंबोडियातल्या उपशाचे चढते आकडे तुम्ही आत्ताच ऐकलेत. म्हणजे धुतलेली, निवडक, हजारो वर्षांत साठलेली वाळू आपण तळी बुजवायला टाकतो. तुम्ही कधी गादीच्या कापसाने खड्डा बुजवाल का? भरावासाठी नदीची वाळू वापरू नये, एवढी एकच अट घातली तरी घरबांधणीच्या एका विटेलाही धक्का न लावता मागणीचा मोठा तुकडा कमी होतो.

उरलेल्या भागासाठी क्रश सँड. डोंगराचा प्रश्न खरा आहे, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी क्रशरची धूळ खाणाऱ्या गावांना तो मी नव्याने सांगायला नको. पण खाण आणि नदी यांत एक फरक आहे. खाणीची हद्द आखता येते. तिचा खड्डा शेजारच्या डोंगराला पोखरत वर सरकत नाही. नदीतला खड्डा सरकतो, हे आपण पाहिलं. ज्याचं नुकसान एका जागी ठेवता येतं आणि ज्याचं ठेवता येत नाही, त्यांत मी पहिलं निवडेन, आणि त्याची जागा नीट निवडायचा आग्रह धरेन. आणि मजूर. टोपली आणि होडीने काढणारा माणूस वर्षानुवर्षं त्या नदीवर होता आणि मासाही होता. त्याच्या हाताचा वेग नदीच्या देण्याच्या आसपासचा होता. सव्वा कोटी ब्रास टोपलीने निघत नाहीत. ते पंप आणि मोठ्या नौकांनी निघतात, आणि त्या आल्या की टोपलीवाल्याचं काम सगळ्यात आधी जातं. त्याचं नाव पुढे करून यंत्राची बाजू मांडणं मला पटत नाही. याच काठावर वाळूतला मासा पकडून विकणारीही माणसं आहेत. थाई बाजारातलं केळीच्या मुळाचं नाव त्यांच्या रोजच्या मिळकतीचं नाव आहे. पोटाचा हिशेब करायचा तर तोही त्यात धरावा लागेल.

अभियंता: समजा मी एखाद्या नदीवरच्या वाळूघाटाचा कागद तयार करायला बसलो. आपल्याकडेही २०१२ च्या दीपक कुमार खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पर्यावरण मंजुरी सक्तीची झाली, आणि केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पुनर्भरणाचा अभ्यास सांगितला आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर पात्राची पातळी मोजायची आणि जेवढी भरली तेवढीच काढायची. यापेक्षा जास्त काय हवं तुम्हाला?

मी: त्या अभ्यासात एक रकाना वाढवा. पातळी मोजता तिथूनच पाच-सात जागी तळाचा नमुना घ्या, पृष्ठभागाचा आणि हातभर खालचा वेगवेगळा, आणि तुमच्याच चाळण्यांवर घाला. पावसाळ्याआधीचा आलेख आणि नंतरचा आलेख शेजारी ठेवा. भरलेल्या वाळूत ७५ मायक्रॉनखालचं प्रमाण वाढलं असेल तर ते पुनर्भरण धरायचं नाही, कारण तो ट्रक तुमच्या साइटवरही परत गेला असता. यंत्र नवं लागत नाही, माणूस नवा लागत नाही, बांधकामाचं साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळांत त्या चाळण्या असतातच. दुसरं, त्याच जागी बारीक जाळीने वाळू उपसून त्यातले मासे मोजा, आणि नाव लिहिताना ‘मुरी’ एवढ्यावर थांबू नका, नग जपून ठेवा. मेकाँगमध्ये तीन जाती नव्याने उमगल्या त्या कपाटात ठेवलेल्या नगांमुळे. नग नसता तर चूक दुरुस्त करायला काही उरलंच नसतं.

अभियंता: दाण्याचा रकाना मी घालू शकतो. उद्याच घालू शकतो. पण तो घातला की निम्मे घाट अपात्र ठरतील, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मग वाळूचा भाव चढेल, आणि तो भाव शेवटी खोली-स्वयंपाकघराचं घर बांधणाराच भरेल.

मी: आज तो भाव कोसळणाऱ्या काठावरचा माणूस भरतोय, पावती न घेता. भाव चढेल, हे मी नाकारत नाही. म्हणून भरावाची बंदी आधी आणि दाण्याची अट नंतर, असा क्रम मी मागेन. तळी बुजवायला जाणारी वाळू थांबली की घरासाठीच्या वाळूवरचा ताण आधी उतरेल, आणि मग अपात्र ठरलेल्या घाटांची उणीव कमी भासेल. क्रम उलटा केलात तर तुमची भीती खरी होईल.

अभियंता: आणि भराव टाकणारे ऐकतील?

मी: ते ऐकणार नाहीत. म्हणूनच हा रकाना त्यांच्या हातात नको, तुमच्या हातात हवा.